अंगठ्यांची वही

आमच्या गुरुजींचा माझ्यावर विश्वास नव्हता, माझा गुरुजींवर नव्हता आणि माझ्या मायचा आम्हा दोघांवरही नव्हता. तरी आम्ही तिघांनी मिळून एक अख्खं दुष्काळी साल काढलं. आज मी नांदेडला पोस्टाच्या खिडकीमागे खुर्चीवर बसते ती त्या सालामुळे. हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

आता गुरुजींची आरती सुरू होणार असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही नाही. माणूस तिरसट होता. उंच, खांद्यात वाकलेला, पांढरा पायजमा आणि सदऱ्याच्या गुंडीला काळ्या दोऱ्याने बांधलेलं एक भिंग. ते भिंग डोळ्याला लावून गुरुजी आमच्या वह्या बघायचे, नखं बघायचे, पाटी थुंकीने पुसली की पाण्याने तेही बघायचे. गावात त्यांचं नाव भिंगवाला मास्तर. समोर मात्र सगळे गुरुजी म्हणायचे, कारण शाळा दोन मास्तरांची आणि दुसरे मास्तर कायम तालुक्याला, अहमदपूरला, कुठल्या ना कुठल्या बैठकीला. म्हणजे शिपाईही हेच आणि मुख्याध्यापकही हेच.

त्यांचा एक शब्द होता, ‘कशावरून?’ काहीही सांगा, गुरुजींचं उत्तर ठरलेलं.

“गुरुजी, पोटात दुखायलंय.”

“कशावरून?”

“गुरुजी, पाणी आणायला गेलतो म्हून उशीर झाला.”

“कशावरून? हात दाव.” मग हाताला कळशीच्या कडेचा वळ दिसला तरच आत.

एकदा आमच्या वर्गातला एक पोरगा रडत आला आणि म्हणाला, “गुरुजी, आजी मेली.” गुरुजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “कशावरून?” पोरगा रडायचा थांबून नुसता बघतच राहिला. दुपारी गुरुजी मयतीला हजर. मास्तर खात्री करून घ्यायला आलाय, असं बाया आपसात कुजबुजल्या. नंतर त्यांनी खांदा दिला तेव्हा गप्प बसल्या.

आम्ही तेव्हा चौथीला होतो. जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. आधी कागदाच्या कामाला लोक उस्मानाबादला जायचे, आता लातूरला जाऊ लागले. जवळ पडतं म्हणून आनंद कुणालाच नव्हता. हापिस जवळ आलं म्हणजे हापिसातला माणूसही जवळ आला, असा सगळ्यांचा हिशेब. कुणी पँटीतला माणूस एसटीतून उतरला की बाया दारं ओढून घ्यायच्या.

अशा गावात गुरुजींनी घरोघर फिरायला सुरुवात केली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. हुशारीवर त्यांचा भरवसाच नव्हता. “हुशारी काय, आली तर आली, न्हाई तर न्हाई. ह्या सालच्या पावसावानी. सवय लावावं लागती,” म्हणायचे. सवय म्हणजे काय? तर रोज एकच जागा, एकच वेळ आणि अर्धा तास. अर्ध्या तासाच्या वर त्यांना चालायचं नाही. शबानाने एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी काल दोन घंटे अभ्यास केला. शबाना माझी मैत्रीण, पिंजाऱ्याची पोरगी, वर्गात पहिली. तिला वाटलं शाबासकी मिळेल. गुरुजींनी भिंगातून तिच्याकडे बघितलं.

“दोन घंटे? मंग परवाचा बुडवलतास म्हन की.”

आणि बुडवला होता! शबाना आठवडाभर माझ्याशीही बोलली नाही. तिला वाटलं मीच चुगली केली.

प्रत्येकाच्या घरी जाऊन गुरुजींनी अभ्यासाची जागा ठरवून दिली. आमच्या घरी जागा म्हणजे धान्याच्या कणगीशेजारचा कोपरा. कणगी रिकामीच होती, त्यामुळे जागेला तोटा नव्हता. मग वर्गात परीक्षा सुरू झाली. धडा विचारायचे नाहीत. विचारायचे, “काल अभ्यासाला बसलीस तवा म्होरं काय दिसत व्हतं?” मी म्हणाले, उतरंड दिसत होती आणि उतरंडीमागे पाल. संध्याकाळी गुरुजी आमच्या घरी येऊन कोपऱ्यात मांडी घालून बसले आणि पाल दिसेपर्यंत उठले नाहीत. माय दारात चूल फुंकत होती. तिने मला खूण करून जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, “ह्याला काय पाहिजे खरं?”

तो प्रश्न तिने वर्षभर विचारला.

गुरुजी कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. ही गोष्ट पहिल्यांदा मायच्या लक्षात आली. आमचं घर बौद्धवाड्यात. तिने तांब्या पुढे केला, त्यांनी हात हलवला, आणि माय त्या दिवसापासून त्यांच्यावर खार खाऊन होती. “आपलं पानी चालत न्हाई वाटतं मास्तरला. पालीकडं बघत घंटाभर बसाया चालतंय.” मी शबानाला विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडंबी पीत न्हाईत. झालं, आमचा संशय दुप्पट झाला. मग पाटलाच्या माधवने सांगितलं की त्यांच्या वाड्यातही गुरुजींनी पाण्याला हात लावला नाही. तेव्हा आम्हाला काहीच सुचेना. असा कसा माणूस, ज्याला कुणाचंच चालत नाही? टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि एका घागरीसाठी बाया एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. त्या साली माणसाने पाणी का नाकारलं असेल, हे समजायला नऊ वर्षांची अक्कल पुरत नाही.

पुढचं पाऊल गुरुजींनी टाकलं आणि गाव हादरलं. त्यांनी आयांचे अंगठे मागितले.

रोज अभ्यास झाला की पोराच्या आईने वहीच्या त्या पानावर अंगठा उठवायचा. शाई नको, तव्याच्या बुडाची काजळी चालेल. पोरांनी स्वतःचे अंगठे उठवू नयेत म्हणून प्रत्येक आईचा खरा अंगठा आधी गुरुजींच्या वहीत घ्यायचा. ती जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची अंगठ्यांची वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

आमच्याकडे आले तेव्हा माय कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“कशाला पाहिजे अंगठा?”

“पोरीनं अभ्यास केला का न्हाई, त्याची साक्ष.”

“साक्ष कोर्टात देतेत.”

“शाळेतबी देतेत. आजपासून.”

“मला कुटं वाचाया येतंय? तिनं अभ्यास केला का रेघोट्या मारल्या, मला काय कळतंय?”

“वाचायचंच न्हाई. ती त्या जाग्यावर बसली व्हती का, यवढंच बघायचं. बसल्यालं दिसतंय का न्हाई तुमाला?”

“दिसतंय.”

“मंग झालं.”

पण झालं नव्हतं. गावात बोलणं उठलं होतं की नव्या जिल्ह्यात सातबारे नव्याने लिहायला घेतलेत, आणि ज्याचा अंगठा मास्तरच्या वहीत तो जमिनीतून उठला. आम्हाला जमीन नव्हती. हे मी मायला सांगितलं तर ती म्हणाली, “आज न्हाई. उद्या मिळाली तर?”

गुरुजींनी वही काखेत मारली. मग तव्याकडे गेले, बुडाला अंगठा घासला आणि कणगीच्या कोपऱ्यात, माझ्या बसायच्या जागेच्या वर, आमच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीवर आपला अंगठा दाबला. चांगला ठसठशीत.

“हा माजा तुमच्याकडं. तुमचा माज्याकडं. मी काय लबाडी केली तर हा दावा कोनालाबी.”

गावातल्या छत्तीस घरांच्या भिंतींवर त्यांनी असा अंगठा दिला. त्यानंतर बायांनी दिले. माय सगळ्यात शेवटी, आणि दिल्यावर म्हणाली, “भिंत पाडून कोर्टात नेऊ का आता?”

पण खरं सांगते, सवय लागली. संध्याकाळी चूल पेटली की पाय आपोआप कोपऱ्याकडे वळायचे. माय भाकरी थापता थापता बघायची, आणि उठले की तवा पुढे करायची. कधी कधी तर तीच आधी म्हणायची, “बस की, भाकर व्हायलीय.”

लबाड्याही झाल्या. माधवने आपल्या पायाचा अंगठा उठवला. हाताचा लहान पडतो म्हणून पायाचा. गुरुजींनी भिंगात बघितलं, शांतपणे वही मिटली आणि त्याला म्हणाले, “माधवराव, तुमच्या मातुश्रींनी काल भाकरी पायानं केल्या का?” वर्ग हसून लोळला. दिवाळीच्या सुट्टीत मीही एकदा स्वतःचा अंगठा दाबला होता आणि पकडली गेले होते. तेव्हापासून गुरुजींकडे माझी पत उरली नव्हती. पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

बाप हैदराबादला बांधकामावर गेला होता. माय गावाबाहेरच्या रस्त्यावर रोजगार हमीची खडी फोडायला जायची. आणि भोकरकडचा माझा काका, बापाचा मोठा भाऊ, महिन्यातून एकदा यायला लागला. काकू बाळंत झालेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. लेकरू सांभाळायला आणि पाणी आणायला एक पोरगी पाहिजे. तो मायशी ओसरीत हळू आवाजात बोलायचा. मी कोपऱ्यात बसून पुस्तकात बघायचे आणि कान ओसरीकडे.

“भोकरच्या शाळेत घालतो की तिला. हितं तरी काय ठेवलंय? खायाचंबी एक तोंड कमी व्हईल तुझं.”

“बघू,” माय म्हणायची.

त्या ‘बघू’ने माझी झोप उडवली. काका शाळेत घालणार नाही, हे मला कळत होतं. त्याची स्वतःची थोरली पोरगी दुसरीतून काढलेली होती. माय नाही म्हणत नव्हती, एवढंच मला ऐकू येत होतं.

संक्रांतीनंतर माझ्या वहीतले अंगठे बिघडायला लागले. आधी पुसट झाले, मग नुसते काळे डाग. गुरुजींनी भिंग लावलं, उजेडात धरलं, आपल्या लाल वहीतल्या मायच्या अंगठ्याशी ताडून बघितलं. तिथे रेषा होत्या, आणि माझ्या वहीत काजळीचा गोळा.

“हे कशानं उठवलं? कोपरानं?”

“मायनं उठवला गुरुजी.”

“कशावरून?”

 त्यांनी मला भिंतीशी उभं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, पुन्हा भिंत. आठ दिवस मी उभी राहिले. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गुरुजी वर्गातून चौघांना बसवणार होते, त्यातून माझं नाव खोडतो म्हणाले. “लबाड पोराला सवय लागत न्हाई,” म्हणाले, आणि ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले.

मला राग गुरुजींचा आला नाही, मायचा आला. माझी पक्की खात्री झाली की ती मुद्दाम करते. नीट अंगठा उठवायचा नाही, मास्तरने पोरीला काढून टाकायचं, आणि मग काकाकडे पाठवायला मोकळी. संध्याकाळी मी वही तिच्यापुढे आपटली.

“नीट उठव की माय!”

“उठवलाय की.”

“रेषा कुटं हायत त्यात?”

तिने पुन्हा तव्याला अंगठा घासला, पुन्हा दाबला, जोर लावून दाबला. पुन्हा डाग. ती त्या डागाकडे बघत राहिली आणि मग उठून भाकरी उलटायला गेली. मला ते सोंग वाटलं. स्वतःच्या आईबद्दल मी असं समजत होते हे आज लिहितानाही मला लाज वाटते.

रविवारी मी मायबरोबर खडीवर गेले होते, बायांना पाणी द्यायला. दुपारच्या वेळी रस्त्याने गुरुजी चालत आले. उन्हात, डोक्याला उपरणं बांधून, काखेत लाल वही. मुकादमाने त्यांना अडवलं.

“कोन तुमी? कोनत्या हापिसातून आलाव?”

“शाळेतून. ह्या बाईचा हात बघायचाय.”

मुकादम हसला, बाया हसल्या नाहीत. त्या आपल्या रांगेत बसून होत्या, डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्याने हातोडी मारायची. माय उठली नाही. तिने बसल्या जागी डावा हात वर केला, बघ काय बघायचंय ते, अशा थाटात. गुरुजी तिच्यासमोर खडीवर उकिडवे बसले आणि त्यांनी अंगठ्यावर भिंग धरलं.

ते किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग त्यांनी शेजारच्या बाईला म्हटलं, “तुमचा दावा.” मग तिच्या पलीकडचीला. अशी सगळी रांग बघितली. मायसकट चौदा बाया होत्या, बाकीच्या आसपासच्या गावांच्या. चौदा अंगठे, आणि त्यांपैकी एकालाही रेषा नव्हत्या. दगड धरून धरून कातडं गुळगुळीत झालं होतं.

गुरुजी रांगेच्या टोकाला उठून उभे राहिले. माझ्याकडे बघितलंच नाही. परत मायपाशी आले, मुकादमाच्या शाईने तिचा अंगठा लाल वहीत पुन्हा उठवून घेतला आणि म्हणाले, “घोटभर पानी द्या.”

मायने माझ्याकडे बघितलं. मी आमच्या मडक्यातून तांब्या भरला आणि दिला. गुरुजींनी उभ्या उभ्या, न थांबता, तळापर्यंत रिकामा केला. तोंड पुसलं आणि तांब्या मायच्या हातात परत दिला. माय तेवढ्यावर समजली. त्या रात्री मला म्हणाली, “चुकलं म्हनाया जीभ वळत न्हाई बामनाची का कोन हाय त्याची, पर पानी पेला बघ.” त्यांची जात कोणती हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्यांनी मला आठ दिवस उभं केलं होतं ते काही पाण्याने धुऊन निघालं नाही. मला वाटत होतं, सोमवारी सगळ्या वर्गापुढे म्हणतील, पोरगी खरी होती. ते नुसतं “बस” म्हणाले. मग लाल वही उघडून मायच्या जुन्या अंगठ्याशेजारी रविवारचा नवा, काळा डाग दाखवला आणि वर्गाला सांगितलं, “इथून म्होरं हिच्या वहीत रेषा दिसल्या, तर ती लबाडी. डाग असला तर खरं.” परीक्षेच्या यादीत माझं नाव परत आलं. माझा राग तिथेच राहिला.

परीक्षेला पंधरा दिवस होते तेव्हा काका शाळेत आला.

मी पहिल्या रांगेत होते. त्याने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि हातात घडी केलेला कागद होता. दाखला काढायचा अर्ज. मला नंतर कळलं की त्याने पक्का विचार केला होता. दाखला हातात आला की मास्तरचा हक्क संपला. मग घरी येऊन कोपऱ्यात बसायला आणि कुठे गेली पोरगी म्हणून विचारायला मास्तर मोकळा राहणार नव्हता.

“भावजयीचा अर्ज हाय,” काका म्हणाला. “पोरीला भोकरला नेतोय. खाली अंगठा हाय तिचा.”

 मायने ‘बघू’चं ‘हो’ केलं, एवढंच मला समजलं. मी पाटी छातीशी धरली आणि गुरुजींकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की ह्या माणसाने संशय घ्यावा. घ्या गुरुजी, मी मनात म्हणत होते, घ्या, आज तरी घ्या.

गुरुजींनी कागद वाचला. भिंग काढलं.

“हा अंगठा कुनाचा?”

“सांगितलं की. भावजयीचा.”

“कशावरून?”

“आता अंगठ्याला काय कशावरून, गुरुजी? अंगठा म्हंजी अंगठा.”

गुरुजींनी कपाटातून लाल वही काढली, पान शोधलं आणि टेबलावर कागदाशेजारी ठेवली. काकाच्या हातात भिंग दिलं. “बगा. तुमीच बगा. ह्या बाईच्या अंगठ्याला आता रेषाच न्हाईत. खडीनं खाल्ल्या. तुमच्या कागदावर तर हा भोवरा हाय, चांगला गोल. नांगरावानी जाड रेघा हायत. हा बाईमानसाचा न्हाई.” मग त्यांनी हात पुढे केला. “आता तुमचा दावा.”

काकाने हात धोतराच्या सोग्यात घातला. वर्गात सगळी पोरं त्याच्या हाताकडे बघत होती. माधव तर बाकावर उभा राहिला होता. “घरचा मामला हाय, तुमाला काय करायचंय,” असं काहीतरी काका पुटपुटला, पण हात बाहेर काढला नाही. तसाच, हात सोग्यात घेऊन, शाळेच्या पायऱ्या उतरला. पुन्हा आमच्या गावी आला तो बाप परतल्यावर, थोरल्या पोरीच्या लग्नाचं आवतण घेऊन.

गुरुजी माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता तरी चांगलं बोलतील.

“रडायला काय झालं? सत्तावीसचा पाढा म्हन.”

मी रडत रडत म्हटला. चुकला नाही.

संध्याकाळी खडीवरून आल्यावर मायला सगळं सांगितलं. ती दारातच बसली. “म्या अंगठा दिला न्हवता,” म्हणाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कशावरून?”

तिने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली आणि तव्याच्या बुडाला अंगठा घासून माझ्यासमोर धरला. काळा, गुळगुळीत. “ह्याच्यावरून,” म्हणाली. काकाने तिच्याकडेच अंगठा मागितला असता तर तिने अर्जावर उठवला असता की नसता, हा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिने ‘बघू’ म्हटलं होतं, हे मी विसरले नव्हते.

परीक्षेला गुरुजींनी आम्हा चौघांना एसटीने अहमदपूरला नेलं. शिष्यवृत्ती मला मिळाली नाही, शबानाला मिळाली. निकाल ऐकून गुरुजी म्हणाले, “तपासनाऱ्यानं तुजा पेपर उघडून बघितला, हे कशावरून?” ही त्यांची माझ्याबद्दलची एकुलती एक तारीफ. पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली. गावात बोललं गेलं की त्यांच्या आईचा अंगठा कुणीतरी फसवून घेतला होता, जमीन गेली होती, म्हणून माणूस असा झाला. मला ते खरं वाटत नाही. लोकांना प्रत्येक विक्षिप्त माणसामागे एक गोष्ट लागते.

सवय गेली नाही. जुन्या घरातून नव्या घरात आलो, तरी संध्याकाळी अर्धा तास मी काहीतरी वाचत एका कोपऱ्यात बसते. पोस्टात खिडकीवर कुणी अंगठा उठवला की माझं लक्ष आधी रेषांकडे जातं. गावातलं जुनं घर अजून आहे. माय दर दिवाळीला ते पांढऱ्या मातीने पोतारायला जाते आणि कणगीच्या कोपऱ्यातला तो काजळीचा ठसा सोडून बाकी भिंत पोतारते. मी एकदा विचारलं, आता कशाला ठेवलास? म्हणाली, “असू दे. साक्ष लागली तर?”

गेल्या उन्हाळ्यात कळलं की गुरुजी अहमदपूरला लेकीकडे असतात. मी गेले. पलंगावर बसले होते, पार वाळलेले, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. भिंग गळ्यात होतं, दोरा मात्र नवा. मी पाया पडून नाव सांगितलं, गाव सांगितलं.

“कशावरून?”

मला हसू आलं. मी खडीचं सांगितलं, काकाचं सांगितलं. ते ऐकत होते, पण मान हलवत होते. “हे तर त्या गावचं कुनीबी सांगल. डावा अंगठा दाव.”

मी हात पुढे केला. त्यांनी भिंग अगदी डोळ्याला टेकवलं आणि माझा अंगठा त्याच्याखाली धरला. पोस्टाच्या शिक्क्याची शाई लागलेला. त्यांचं बोट त्याच्यावरून फिरत होतं.

“रेषा शाबूत हायत,” ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी हात सोडला नाही. “खडी फोडली न्हाईस मंग.”

“न्हाई गुरुजी.”

“तूच हायस.” मग त्यांनी मान वर केली. “आन् तिच्या? तिच्या आल्या का परत?”

 रेषा परत येतात हेच मला माहीत नव्हतं. तीस वर्षं मी दुनियेचे अंगठे बघत होते. माय माझ्या घरात राहते, मला रोज डबा करून देते. तिचा अंगठा त्या सालानंतर मी कधी बघितलाच नव्हता.

“बघितलं न्हाई,” मी म्हणाले.

गुरुजींनी माझा हात सोडला. “मंग कसला अभ्यास केलास?”

मी निघाले तेव्हा त्यांची लेक म्हणाली, ताई, आईचा अंगठा बघायला भिंग घेऊन जा म्हणतायत, पण परत पाठवा. मी घेतलं नाही. डोळे चांगले आहेत माझे.

घरी आले तर माय खिडकीपाशी लसूण सोलत बसली होती. मी शेजारी बसले आणि तिचा डावा हात ओढला. तिने झटका दिला.

“कशाला पाहिजे? कशावर उठवायचाय?”

“कशावर न्हाई. नुसतं बघायचंय.”

“कामून?”

“गुरुजींनी विचारलंय. रेषा आल्या का म्हून.”

तिने लसूण बाजूला सारला. मग तिने स्वतःच हात उलटा करून उजेडात धरला. आम्ही दोघींनी वाकून बघितलं. मधोमध एक जुना वण होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी, बारीक, तुटक, पण होत्या. अंगठ्याच्या टोकापर्यंत होत्या. मायने आपलाच अंगठा आपल्याच बोटाने दाबून बघितला.

“सांग त्याला,” ती म्हणाली, “आल्यात म्हून.”

“ते म्हणतील, कशावरून?”

 माय पदराला हात पुसून म्हणाली, “मंग आन कागद.”

माझ्या पर्समध्ये पोस्टाचं कार्ड होतं आणि शाईची डबी. मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. त्या बाईने, जिने आयुष्यभर अंगठ्याआधी दहा प्रश्न विचारले, एकही न विचारता अंगठा शाईत बुडवला आणि कार्डाच्या मधोमध दाबला. मागच्या बाजूला मी गुरुजींचा पत्ता लिहिला. बाकी कार्डावर काही लिहिलं नाही.